डाव्या काठाचा हिशोब

नदीला काठ दोन असतात. सरकारी वहीत पुष्कळदा एकच असतो.

दामोदर नदी छोटा नागपूरच्या पठारावरून उतरते नि बंगालात बरद्वानच्या भातखाचरांत शिरते. १८५५ साली हावड्याहून राणीगंजच्या कोळशापर्यंत रेल्वे गेली. रूळ नदीच्या डाव्या अंगाला. ग्रँड ट्रंक रोडही त्याच अंगाला. मग त्याच दशकात साहेबानं काय केलं? डावा बांध भक्कम ठेवला आणि उजव्या काठचा सुमारे २० मैल बांध काढून टाकला. पाण्याला कुठून तरी वाट पाहिजेच. ती उजव्या काठच्या शेतांतून दिली. पारड्यात एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला भात. भात हलका ठरला. दोस्तांनो, याला देवाची करणी म्हणायचं?

आता शेतीचं नुकसान मोजतात कसं ते बघू. उभं पीक गेलं, त्याची बाजारभावानं किंमत धरायची. गाळ बारीक बसला तर पुढल्या सालाला पीक वाढतं, ते जमेला. वाळू पसरली तर जमीन कित्येक साल नापीक, म्हणजे तो तोटा एका हंगामाचा नाही, दर सालचा. शेत खरडून गेलं तर मातीच गेली. इथवर ठीक. पण पीक बुडालं म्हणून कापणी-मळणीचा खर्च झाला नाही, तो 'वाचलेला खर्च' म्हणून नुकसानीतून वजा होतो. हे दोनदा वाचा. कापणीचा खर्च म्हणजे कुणाची तरी मजुरी. ज्या पैशावर भूमिहीनाची चूल पेटायची तो पैसा या हिशोबात बचत होऊन बसतो! आमच्या खात्यातही साचा बंद राहिला की मालकाच्या वहीत मजुरी वाचते, तशातलीच ही गत. हिशोब चुकीचा नाही, बेरीज बरोबर आहे. फक्त ती जमीनवाल्याच्या ओट्यावर बसून केलेली आहे.

जुलै १९४३ मध्ये दामोदरनं अमीरपूरजवळ डावा बांध फोडला. १९१३ आणि १९३५ चे पूर पाण्याच्या मानानं याहून मोठे होते. पण या खेपेला रेल्वे तुटली, ग्रँड ट्रंक रोड तुटला, महायुद्ध चालू आणि कलकत्त्याचा रस्ता बंद. लगेच चौकशी समिती बसली. बरद्वानचे महाराज अध्यक्ष, शास्त्रज्ञ मेघनाद साहा सभासद. त्याच साली बंगालात दुष्काळानं लाखो माणसं मेली, त्यांत शेतमजूर आणि मच्छीमार सगळ्यांत जास्त. दुष्काळ या पुरानं आणला नव्हता. पण ज्यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही ते आधी मरतात, हे एकाच सालात दोनदा दिसलं.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं, पाटबंधारे आणि वीज त्यातच. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात बंगाल आणि बिहार सरकारच्या माणसांना त्यांनी एकत्र बसवलं. नुसते बांध उंच करायला त्यांचा विरोध. पुराचं पाणी अडवा, त्यातून सिंचन, वीज, जलवाहतूक काढा. त्याच साली नोव्हेंबरात कटकला ओरिसाच्या नद्यांबद्दलही हेच बोलले : पाणी जास्त झाल्यापेक्षा पाणी नसल्यानं माणूस अधिक भोगतो. मला यात मोठी गोष्ट ही वाटते, की खर्चाच्या पानावरचं पाणी या माणसानं जमेच्या पानावर नेलं.

पण भक्त होऊन वाचू नका. १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन झालं. तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथॉन १९५७, पांचेत १९५९. मूळ आराखड्यात धरणं याहून जास्त होती, कॉर्पोरेशननं चारच बांधली. खालच्या काठावर १९७८ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. आणि वर, मैथॉन-पांचेतच्या पाण्याखाली संताळांची आणि इतरांची शेतं कायमची गेली. जंगल, सरपण, मोहाची फुलं यांची किंमत बाजारात नाही, मग कागदावर कुठून येणार?

इकडं आपल्या मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये शेतं खरडून गेली. ऑक्टोबरात सरकारनं जाहीर केलं : खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि ३ लाखांपर्यंत रोजगार हमीतून. पिकाच्या मदतीला ३३ टक्क्यांवर नुकसान पाहिजे. तलाठी सातबारा बघतो. ज्याचा सातबारा नाही त्याची बुडालेली मजुरी या पीकनुकसानीच्या हिशोबात येत नाही.

तेव्हा पुढल्या पुरात पंचनामा चालू असताना आपल्यापैकी दोघांनी वही घेऊन वस्तीत बसावं. सोयाबीन काढायला एकराला किती माणसं लागतात, कापूस वेचायला किती, ते आपल्या बायांना तोंडपाठ असतं. बुडालेलं एकर गुणिले माणसं, गुणिले रोज. वाळू पसरली असेल तर पुढच्या सालांचीही तीच मांडणी. मात्र नांगरणी-कापणीला मशीन येत असेल तिथं तेवढे रोज वजा करा, हिशोब फुगवू नका. आणि तलाठ्याच्या कागदाची नक्कल मिळेल तेव्हा ही वही तिच्या शेजारी ठेवा.