गोमंतकीय घरातील दिवा

गोमंतकात देवळातला दिवा आणि घरातला दिवा हे दोन निराळे विषय कधीच नव्हते. दोहोंचे तेल माडाच्या कुळागरातून येई, दोहोंची पणती गावच्या कुंभाराच्या चाकावरून उतरे आणि दोहोंच्या वाती घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातांनी वळल्या जात. 'पर्यावरण' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. पण तो रूढ होण्याच्या कितीतरी आधी, विझल्यावर मागे काहीही घातक न ठेवणारा प्रकाश आपल्या पूर्वजांच्या घरी नित्य तेवत होता.

या प्रकाशाचे मूळ साधन खोबरेल. नारळ फोडून, उन्हात सुकवून त्याचे खोबरे घाण्याला जाई. तेल समईत पडे, पेंड गोठ्यातल्या गुरांना मिळे, करवंट्या चुलीत जात आणि दिव्यावर धरलेले काजळ लेकरांच्या डोळ्यांत घातले जाई. ऐन थंडीतल्या पहाटे हे तेल थिजून पांढरे पडे. मग ज्योतीच्या उबेने ते वातीभोवती हळूहळू विरघळू लागे. ज्यांना खोबरेल परवडत नसे, ते किनाऱ्यालगत वाढणाऱ्या उंडीच्या बियांचे अथवा करंजाचे तेल जाळीत. ही तेले कडू व अखाद्य, त्यामुळे दिव्यासाठी माणसाच्या ताटातले काही काढून घ्यावे लागत नसे. रात्री वाट चालायची तर सुक्या चुडतांची जुडी बांधून केलेली चूड पेटवीत. हलविली की ती फुले आणि घराच्या पायरीशी आपटली की विझे. तिची राख माडाच्या आळ्यात पडे.

पणतीविषयी मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भट्टीत भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही. तिची खापरेच होतात. परंतु ती खापरे जमिनीत मुरली तरी जमिनीला बाधत नाहीत. पितळेची समई तर पिढ्यान्‌पिढ्या टिके, आणि मोडलीच तर तांबटाकडे जाऊन पुन्हा भांड्याच्या रूपाने घरी येई.

देवळातला नंदादीप अखंड तेवत ठेवणे ही केवळ भक्तीची नव्हे, तर व्यवस्थेची गोष्ट होती. देवाच्या सेवेसाठी व सेवेकऱ्यांच्या निर्वाहासाठी गावातील जमिनी लावून दिलेल्या असत. नित्याचा दिवा अशा उत्पन्नावर चाले. इ. स. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ साली त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. पुढे सासष्टीवरही तोच प्रसंग ओढवला. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, ती याच काळात. अंत्रुज महाल त्या वेळी आदिलशाहीत होता; तो पोर्तुगीजांच्या हाती गेला तो पुढे १७६३ साली. परक्या मुलखात देव बसविणे एक वेळ सोपे. पण त्याच्यापुढचा दिवा रोज पेटता ठेवायचा तर जमीन, माड, घाणा आणि माणसे यांची सांगड पुन्हा नव्याने घालावी लागते. महाजनांच्या पूर्वजांनी ती घातली. मंगेशीची सात मजल्यांची दीपमाळ पाहताना तिच्या उंचीबरोबर, तिच्या एकेका कोनाड्यात ओतलेल्या तेलाचाही विचार मनात यावा.

या परंपरेत घर आणि देऊळ यांचा सर्वांत सुंदर मिलाफ दिवजांत होतो. एकाच बुडावर अनेक खळगे असलेला हा मातीचा दिवा पेटवून सुवासिनी देवळाभोवती रांगेने प्रदक्षिणा घालतात. तो शेकडो ज्योतींचा प्रवाह पाहणाऱ्याच्या स्मरणातून जात नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलाचीही हीच रीत होती. बांबूच्या कामट्या तासून, सुतळीने बांधून सांगाडा करायचा. पिठाची खळ शिजवून त्यावर पातळ कागद चिकटवायचा. आत पणती ठेवायची. सण सरला की कागद व कामट्या परसातल्या खताच्या खड्ड्यात जात आणि पुढच्या वर्षी मुले नवा कंदील करायला बसत.

इ. स. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात खनिज तेलाची विहीर यशस्वीपणे खोदली गेली आणि पुढील काही दशकांत घासलेटचे डबे आपल्याकडेही घरोघर पोहोचले. घासलेटची चिमणी काळा धूर ओकी, हे खरे. पण त्याच तेलाच्या कंदिलाखाली अनेकांची विद्या पुरी झाली, हेही तितकेच खरे. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर खेडोपाडी वीज आली आणि संध्याकाळचे काळोखाचे भय सरले. त्या सुखाला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. समईच्या मंद उजेडात डोळे ताणून वाचणाऱ्या पिढीला विजेची किंमत ठाऊक होती.

खरा तोटा झाला तो विजेमुळे नव्हे. सणाच्या दिव्यांत प्लास्टिक आणि थर्मोकोल शिरल्यामुळे. कामटी व कागद यांची जागा त्यांनी घेतली आणि चार दिवसांच्या शोभेचा कचरा ओहोळांत वर्षानुवर्षे साचू लागला. १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्मोकोल देशभर कायद्याने निषिद्ध ठरले. जी शिस्त घरातल्या आजीने न सांगता पाळली, ती राजपत्रात छापून सांगण्याची वेळ आली!

कायदा थर्मोकोल थांबवू शकेल. पण चाक फिरविणारा हात तो निर्माण करू शकणार नाही. डिचोली महाल मातीकामासाठी प्रसिद्ध. परंतु कुंभाराच्या मुलाने चाकावर बसावे असे वाटत असेल, तर त्याच्या दिवजांना व पणत्यांना गिऱ्हाईक हवे. दिवजाच्या रात्री एकेका घरातून एक मातीचा दिवा निघतो. एवढ्या मागणीवर भट्टी वर्षभर पेटत नाही. दिवाळीच्या पणत्या आणि देवळाच्या दीपोत्सवाच्या पणत्याही तिच्यातूनच आल्या पाहिजेत. पूर्वजांनी नंदादीपासाठी जमीन तोडून दिली होती. आजच्या महाजन कुटुंबाला त्या मानाने फारच थोडे द्यावयाचे आहे: वर्षाकाठी काही डझन पणत्यांचे मोल आणि मुलांसोबत कामट्या तासण्यासाठी एक दुपार.