बिघाडांचा कोश

यंत्राने आपला बिघाड कळवावा आणि त्यावरील उपाय कोणत्या पानावर लिहिला आहे हेही त्याच क्षणी सांगावे, ही अपेक्षा आज संगणकांच्या जाळ्यावर अहोरात्र पहारा ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला अगदी स्वाभाविक वाटते. परंतु सूचना आणि उपाय यांची ही सांगड आपोआप जुळलेली नाही, अमेरिकेतील दूरध्वनी केंद्रांत काही पिढ्यांनी केलेल्या परिश्रमांनी ती जुळली आहे, आणि त्या परिश्रमांची नोंद आपल्या भाषेत व्हावी असे मला मनापासून वाटते.

अल्मन स्ट्रोजर यांना स्वयंचलित जोडणीच्या यंत्राचे पेटंट १८९१ साली मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावी त्या पद्धतीचे केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांत प्रत्येक संभाषणासाठी यंत्राचे काही अवयव ते संभाषण संपेपर्यंत गुंतून राहत, त्यामुळे अडलेला अवयव जागच्या जागी सापडे. पुढे मोठ्या केंद्रांत घंटा वाजताच तंत्रज्ञाने प्रथम मजल्याचा, मग रांगेच्या तोंडाशी असलेला आणि शेवटी चौकटीवरचा दिवा पाहत बिघाडापाशी पोहोचावे असा शिरस्ता पडला. दिवा जागा दाखवी. उपाय मात्र तंत्रज्ञाच्या अनुभवात असे, किंवा बेल कंपनीने नऊ आकडी क्रमांक देऊन दप्तरबंद केलेल्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकांत असे, आणि त्यांतली नेमकी कोणती पुस्तिका काढायची हे ज्याचे त्याने ठरवायचे.

ही व्यवस्था क्रॉसबार केंद्रांनी अपुरी ठरवली. १९४८ साली पेन्सिल्व्हानियातील मीडिया येथे क्रॉसबार क्रमांक पाच हे केंद्र सुरू झाले, तेव्हा जोडणीचा मार्ग ठरवण्याचे काम ‘मार्कर’ नावाच्या मोजक्या सामाईक यंत्रांकडे होते. मार्कर एका संभाषणाचे काम क्षणार्धात उरकून दुसऱ्याकडे वळे, आणि वाटेत काही चुकले तर तंत्रज्ञ पोहोचण्यापूर्वीच चुकीचा सारा पुरावा नाहीसा झालेला असे. म्हणून मार्कर अडला की त्या क्षणाची अवस्था जाड कागदाच्या पत्रकावर छिद्रांच्या रूपाने उमटवण्याची तजवीज करण्यात आली. बिघाडाचा लेखी दाखला यंत्र स्वतःच देऊ लागले, हे पाऊल फार मोठे होते. तरी तो दाखला वाचून निदान करण्यास जाणता माणूसच लागे.

पुढची मजल इलेक्ट्रॉनिक केंद्रांनी गाठली, आणि या इतिहासातील सर्वांत तेजस्वी प्रकरण माझ्या मते हेच आहे. इलिनॉय राज्यातील मॉरिस येथे नोव्हेंबर १९६० मध्ये बेल प्रयोगशाळेने प्रायोगिक केंद्र चालू केले. या यंत्राचे अंतरंग इतके गुंतागुंतीचे होते, की गावोगावच्या तंत्रज्ञांनी ते मुळापासून समजून घेऊन दुरुस्त करावे ही अपेक्षाच अन्यायाची ठरली असती. त्सियांग आणि उलरिख या अभियंत्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जो मार्ग मांडला, तो असा, की बिघाड होण्याची वाट न पाहता तो आपणच घडवून आणावा, यंत्राच्या आत्मपरीक्षेचे निष्कर्ष टिपून घ्यावे, आणि प्रत्येक निष्कर्षाला एक संख्या देऊन त्या संख्यांचा क्रमवार कोश छापावा. न्यू जर्सीतील सुकासुना येथे ३० मे १९६५ रोजी सुरू झालेल्या ‘क्रमांक एक ईएसएस’ या यंत्रमालिकेच्या निर्मितीत केवळ मध्यवर्ती नियंत्रक यंत्रात असे ५०,००० हून अधिक बिघाड मुद्दाम घडवण्यात आले. चाळीस वर्षांत सगळे मिळून दोन तासांपेक्षा अधिक काळ केंद्र बंद पडू नये, हे ज्यांनी साध्य म्हणून लिहून ठेवले होते त्यांनाच असा उद्योग सुचावा! टेलिप्रिंटरवर संख्या उमटली की तंत्रज्ञाने कोश उघडावा, त्या संख्येसमोर दिलेली संशयित कार्डे एकेक बदलून पाहावी आणि परीक्षा पुन्हा चालवावी. घंटेपासून उपायापर्यंतचे अंतर अशा रीतीने एका संख्येवर आले.

कोशाला मर्यादा होतीच. बिघाड एका वेळी एकच घडवलेला असल्यामुळे दोन दोष एकत्र आले, किंवा एखादा दोष क्षणात दिसे व क्षणात लपे, तर उमटलेली संख्या कोशात सापडतच नसे. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी कंपनीच्या दूर पल्ल्याच्या जाळ्यातील ११४ केंद्रे एकमेकांना आळीपाळीने बंद पाडू लागली, तेव्हा नेहमीच्या लेखी उपायांचा प्रथम अवलंब झाला आणि ते निष्फळ ठरले. दोष यंत्रात नसून आज्ञावलीत होता, आणि केंद्रांमधील संदेशांचा भार कमी करून जाळे पूर्ववत होण्यास सुमारे नऊ तास लागले. यावरून लेखी उपाय व्यर्थ आहेत असा निष्कर्ष काढणारे मला चूक वाटतात. ज्ञात बिघाडांचा निकाल कागदाने लावला, तरच अज्ञाताकडे द्यायला माणसाचे डोके मोकळे राहते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९२ सालच्या एक्स.७३३ या शिफारशीत सूचनेच्या मजकुरात संभाव्य कारण, तीव्रता आणि सुचवलेली दुरुस्ती यांना स्वतंत्र रकाने देण्यात आले. परंतु दुरुस्तीचा रकाना भरणे ऐच्छिक राहिले. आजच्या प्रोमिथियससारख्या देखरेख-प्रणालींत इशाऱ्याबरोबर उपायाच्या पानाचा दुवा जोडण्याची सोय असते, आणि तीही ऐच्छिकच. सुकासुनाच्या काळी घंटा बसवणे खर्चाचे काम होते, म्हणून प्रत्येक घंटेमागे विचार असे. आज चार ओळी लिहिल्या की नवा इशारा तयार होतो, त्यामुळे दुव्याचा रकाना कोरा ठेवून इशारे मात्र वाढवण्याचा प्रघात सर्वत्र बोकाळला आहे, आणि त्याचा भार रात्रपाळीच्या माणसावर पडतो.

पुण्या-मुंबईत दूरदेशीची जाळी राखीत रात्रपाळी करणारे मराठी तरुण-तरुणी आज पुष्कळ आहेत, आणि नवे इशारे लिहिणारेही त्यांच्यातच आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच, की ज्या इशाऱ्यावर काय करावे हे लिहून देता येत नाही, तो इशारा चालू करू नये. आणि जो बिघाड कोणत्याही पानावर सापडला नाही, त्याचे पान पाळी संपण्यापूर्वी लिहून ठेवावे.