एका नळीचा इतिहास

जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचें इंजिन घरच्या पडवींत उघडून बसणाऱ्यास प्रथम अचंबा वाटतो तो त्याच्या अंतरंगाच्या साधेपणाचा. झडपा नाहींत, त्यांस हालविणारे दांडे नाहींत. पिस्टन, त्यास जोडलेला दांडा आणि क्रँक एवढाच काय तो चालता संसार. परंतु रिंगा नव्या घातल्या, कार्बोरेटर धुतला, ठिणगीही लख्ख पडते, आणि तरीही गाडी चढावर दम टाकते, असा अनुभव पुष्कळांचा आहे. अशा वेळीं दोष बहुधा सायलेन्सरच्या नळींत सांचलेल्या काजळीचा निघतो. जिला आपण केवळ धुराची वाट समजतों, ती वस्तुतः इंजिनाचाच एक अवयव आहे.

इंग्लंडांत जोसेफ डे यानें १८९१ च्या सुमारास या जातीचें इंजिन सिद्ध केलें, तेव्हांपासून त्यास एक खोड जडलेली आहे. जळालेला वायु बाहेर पडत असतांनाच ताजें मिश्रण आंत येतें, आणि त्यांतलें कांहीं धुराबरोबरच निसटून जातें. पूर्व जर्मनींतील त्शोपाउ या लहानशा गांवीं एम्. झेड्. कारखान्याच्या शर्यत-विभागाचा प्रमुख वाल्टर काडेन यानें या खोडीवरच बोट ठेविलें. नळीची कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. तिला शास्त्राची शिस्त लावली ती मात्र त्यानें. नळी प्रथम रुंदावत नेली म्हणजे दाबाची लाट परततांना सिलिंडरांतील धूर ओढून घेते. पुढें निमुळती केली म्हणजे दुसरी लाट निसटूं पाहणारें मिश्रण उलट आंत ढकलते, आणि तेवढ्यांत पिस्टन दार लावून घेतो. पैसा व साहित्य यांची नित्य ओढाताण असतां, १९६१ सालीं या माणसानें १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनांतून सुमारें २५ अश्वशक्ति काढून दाखविली.

त्याच वर्षीं त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर जागतिक अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर उभा होता. ऑगस्टमध्यें बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरांत स्वीडनच्या शर्यतींत डेग्नरचें इंजिन बंद पडलें, आणि तो मायदेशीं परतलाच नाहीं; त्याची पत्नी व मुलें मोटारींत लपून सरहद्द ओलांडून गेलीं. अजिंक्यपद होंडाच्या टॉम फिलिस याजकडे गेलें. डेग्नर जपानांत सुझुकीकडे गेला तो काडेनची विद्या घेऊन, आणि १९६२ सालीं ५० घनसेंटिमीटरच्या वर्गांत सुझुकीस जगज्जेतेपद मिळालें.

यास चोरी म्हणावयाचें काय? माझ्या मतें म्हणावयासच हवें; पण भिंतीआड मुलेंबाळें अडकलेल्या माणसाजवळ विकण्याजोगें दुसरें काय होतें, हाही प्रश्न टाळतां येत नाहीं. १९७५ सालीं ५०० घनसेंटिमीटरचें अजिंक्यपदही टू-स्ट्रोक यामाहानें जिंकलें. आपल्याकडे १९८५ पासून विकल्या गेलेल्या आर्. एक्स्. १०० ची जी चपळाई तरुणांस वेड लावी, तिच्या मागेंही ह्याच लाटांचें गणित होतें.

डेग्नर १९८३ सालीं वारला. जपानांतील सुझुका येथील एका वळणास त्याचें नांव आहे. काडेन पळाला नाहीं. १९९६ पर्यंत, मरेतों, तो त्शोपाउ येथेंच राहिला.