घरची शुश्रूषा: न मांडला जाणारा खर्च

रायपूर रेल्वे स्थानकाच्या पलीकडची गुढियारी ही वस्ती घाऊक किराणा व्यापारासाठी ओळखली जाते. बाजारावर पोट असलेले दुकानदार, मुनीम, हमाल आणि गाडीवाले यांच्यापैकी बहुतेकांना पगारी रजा ठाऊक नसते. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी मिळकतही नाही. अशा घरात कुणी पक्षाघाताने अंथरुणाला खिळले किंवा वृद्ध आईचा स्मृतिभ्रंश वाढला, की रुग्णालयाचे बिल हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता ठरतो. शहरात डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आहे, 2012 पासून टाटीबंध येथे एम्सही आहे. परंतु रुग्णाला घरी पाठविल्यानंतरची वर्षे घरातल्याच कुणा एकाच्या, बहुधा पत्नीच्या, सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला येतात.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 59 वयोगटातील 41 टक्के स्त्रिया आणि 21.4 टक्के पुरुष घरातील व्यक्तींच्या विनामोबदला देखभालीत सहभागी होतात. या कामाला सहभागी स्त्री दिवसाकाठी सरासरी 140 मिनिटे देते, तर पुरुष 74 मिनिटे. यात बालसंगोपनही धरलेले असल्याने पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्यांचे चित्र या सरासरीत हरवून जाते. शिवाय रुग्णाच्या उशाशी नुसते बसून राहण्याचे, रात्री हाक येईल म्हणून सावध झोपण्याचे तास कोणत्याही मोजणीत नीट सापडत नाहीत.

पैसा कोठे जातो

डायपर, एअरबेड, नळीतून द्यायचे अन्न, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट यांवरील खर्च डोळ्यांना दिसतो. बुडालेली मजुरी किंवा सोडलेली नोकरी याहून मोठी असते, पण ती कोणत्याही वहीत लिहिली जात नाही. तिसरा तोटा तर कित्येक वर्षांनी उघड होतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान 10 वर्षांची पात्र सेवा लागते. आठव्या-नवव्या वर्षी नोकरी सोडून सासऱ्यांच्या उशाशी बसलेली आणि पुढे नोकरीत परतू न शकलेली सून आपल्या म्हातारपणाचा आधारही त्याच दिवशी सोडून देते.

सरकारी योजना या खर्चाला बाजूने स्पर्श करतात. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता कुटुंबामागे वार्षिक 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी परतल्यावर त्याची मर्यादा 15 दिवसांची. दारिद्र्यरेषेखालील, 80 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा दरमहा 300 रुपये आहे. ही रक्कम रुग्णाची, शुश्रूषा करणाऱ्याची नव्हे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 24 मध्ये मात्र ‘शुश्रूषक भत्ता’ हा शब्द आला आहे. अधिक साहाय्याची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तीला असा भत्ता देण्याची तरतूद तेथे आहे. पण ती शासनाच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. या तीन शब्दांत तिचे बळ बरेच ओसरते. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांना दरमहा 600 रुपये ठरविले. रक्कम तुटपुंजी असली तरी ती शुश्रूषा करणाऱ्याच्या नावाने निघते, हा फरक लहान नाही.

या श्रमाची किंमत न्यायालयाने एकदा रुपयांत मांडली आहे. अपघातात कायमचे तीव्र मानसिक अपंगत्व आलेल्या एका 12 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने मदतनिसासाठी दरमहा 2,500 रुपये धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये दोन मदतनिसांचे मिळून दरमहा 10,000 रुपये धरून केवळ या बाबीसाठी 21 लाख 60 हजार रुपये मंजूर केले. तेच काम आई करते, तेव्हा तिला काहीच मिळत नाही.

अन्य देशांतही ही मान्यता सहज आलेली नाही. ब्रिटनने 1976 मध्ये शुश्रूषकांसाठी भत्ता सुरू केला, तेव्हा विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते. त्या तर एरवीही घरीच असणार, हा तर्क. 1986 मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर ती अट गेली. जर्मनीत 1995 पासूनच्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यातून, ठरावीक अटींवर, घरच्या शुश्रूषकाची निवृत्तिवेतन वर्गणीही भरली जाते.

रजेचा प्रश्न

केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 2008 पासून संपूर्ण सेवाकाळात 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेने आपल्या आजारी मुलासाठी मागितलेली अशी रजा नाकारली गेल्यानंतर, एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न महिलांच्या रोजगारातील समान सहभागाशी जोडला. आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी अशी स्वतंत्र रजा केंद्रीय नियमांत नाही. 30 दिवसांची अर्जित रजा त्यासाठी वापरता येते, असे उत्तर जुलै 2025 मध्ये राज्यसभेत देण्यात आले. पक्षाघाताच्या रुग्णाला तीस दिवसांत काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको.

मनावरील भार

कुटुंबावरील हा भार मोजण्याचे एक साधन भारतातच तयार झाले. शैला पै आणि आर. एल. कपूर यांची 1981 मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली मनोरुग्णांच्या कुटुंबांसाठी होती. तिच्यातील पहिला विभाग आर्थिक भाराचा आहे. त्यानंतर विस्कटलेला दिनक्रम, हिरावलेला विरंगुळा, घरातील ताणलेले संबंध आणि इतरांच्या शारीरिक व मानसिक आरोग्यावरील परिणाम येतात. पाठदुखी आणि अपुरी झोप सांगता येते. रुग्णाचा राग येणे आणि त्या रागाची लाज वाटणे सांगता येत नाही.

मराठी समाजात हे मौन मोडणाऱ्यांमध्ये मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांचे नाव घ्यावे लागते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाविषयी ते उघडपणे बोलले. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2004 च्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही त्यांची प्रेरणा होती. त्यात आजारी भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीणही मध्यवर्ती आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर केवळ रुग्णच नव्हे, तर त्याला सांभाळणारेही बोलू शकतात.

कागदपत्रांची बाब मात्र बहुतेक घरांत उशिरा लक्षात येते. भारतीय कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मानसिक क्षमता गमावते तेव्हा साधारणपणे ते मुखत्यारपत्रही संपुष्टात येते. म्हणजे नेमके गरजेच्या वेळी ते निरुपयोगी ठरते. बेशुद्धावस्थेतील रुग्णासाठी पालक नेमण्याची स्पष्ट तरतूद कोणत्याच कायद्यात नसल्याने केरळ उच्च न्यायालयाला फेब्रुवारी 2019 मध्ये त्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावी लागली. तोवर पत्नीला पतीच्याच खात्यातील पैसा त्याच्याच उपचारांसाठी काढता येत नाही. दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल असे संयुक्त खाते आणि नामनिर्देशन ही कामे रुग्णाला सही करता येते आहे तोवरच उरकावी लागतात.