महेश कोठारे

महेश कोठारे हे मराठी चित्रपट व दूरचित्रवाणी क्षेत्रातील अभिनेते, दिग्दर्शक आणि निर्माते आहेत. १९६० च्या दशकात बालकलाकार म्हणून चित्रपटसृष्टीत आलेल्या कोठारे यांनी १९८५ साली ‘धूमधडाका’ या चित्रपटाद्वारे निर्मिती व दिग्दर्शनात पदार्पण केले. विनोद, साहस आणि अद्भुतरम्यता यांचा मेळ व नव्या तंत्राचा वापर ही त्यांच्या चित्रपटांची वैशिष्ट्ये मानली जातात.

बालकलाकार

त्यांचे वडील अंबर कोठारे हे अभिनेते होते. राम गबाले दिग्दर्शित ‘छोटा जवान’ (१९६३) या चित्रपटातील भूमिकेमुळे महेश कोठारे यांचे नाव महाराष्ट्रात परिचित झाले. पुढे त्यांनी ‘मेरे लाल’, ‘घर घर की कहानी’ इत्यादी हिंदी चित्रपटांतून कामे केली. मार्क ट्वेन यांच्या कादंबरीवर आधारित ‘राजा और रंक’ (१९६८) मध्ये राजपुत्र आणि त्याच्यासारखाच दिसणारा गरीब मुलगा अशी दुहेरी भूमिका त्यांनी साकारली.

अभिनय ते निर्मिती

बालपणी मिळालेली लोकप्रियता तरुणपणी टिकेलच असे नसते. कोठारे यांनी कायद्याची पदवी घेतली व काही काळ वकिली केली. ‘गुपचूप गुपचूप’ (१९८३), ‘लेक चालली सासरला’ (१९८४) अशा चित्रपटांतून ते तरुण भूमिकांत दिसले. मात्र त्यांची स्वतंत्र ओळख निर्माण झाली ती स्वतःच्या निर्मितीतून. ‘धूमधडाका’ हा ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या तमिळ चित्रपटाच्या कथानकावर बेतलेला होता. त्यात शरद तळवलकर, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, निवेदिता जोशी व प्रेमा किरण यांच्यासह कोठारे यांनीही भूमिका केली. या यशानंतर कोठारे व बेर्डे ही जोडी ‘दे दणादण’ (१९८७), ‘थरथराट’ (१९८९) इत्यादी चित्रपटांत कायम राहिली. या जोडीत विनोदाची मुख्य बाजू बेर्डे यांच्याकडे असे, तर कोठारे बहुधा धडाडीच्या नायकाची भूमिका करीत. त्यांच्या तोंडचा ‘डॅम इट’ हा उद्गार प्रेक्षकांत रूढ झाला.

तंत्रविषयक प्रयोग

‘धडाकेबाज’ (१९९०) हा मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये गुंड तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो. ही कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटावरून सुचलेली असली, तरी तिची मांडणी अस्सल मराठी विनोदी वळणाची आहे. बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडविला, तर तात्या विंचूची भूमिका व आवाज दिलीप प्रभावळकर यांचा होता. ‘झपाटलेला २’ (२०१३) हा त्रिमिती तंत्रातील मराठी चित्रपट होय. मर्यादित बाजारपेठ असलेल्या मराठी चित्रपटासाठी असे प्रयोग आर्थिकदृष्ट्या जोखमीचे होते.

नंतरची वाटचाल

‘माझा छकुला’ (१९९४) मध्ये त्यांनी आपला मुलगा आदिनाथ यास बालकलाकार म्हणून पडद्यावर आणले. याच कथेवरील ‘मासूम’ (१९९६) हा हिंदी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. ‘लो मैं आ गया’ (१९९९) या हिंदी चित्रपटाला मात्र अपयश आले व त्यांना आर्थिक फटका बसला. त्यानंतर ते मराठीकडे परतले. ‘पछाडलेला’ (२००४) व ‘खबरदार’ (२००५) यांत भरत जाधव यांच्यासारख्या पुढील पिढीतील कलावंतांना त्यांनी प्रमुख भूमिका दिल्या.

‘कोठारे व्हिजन’ या संस्थेमार्फत त्यांनी दूरचित्रवाणी मालिकांची निर्मिती केली. खंडोबाच्या कथेवरील ‘जय मल्हार’ (२०१४–२०१७) या मालिकेने पौराणिक विषय व संगणकीय दृश्यपरिणाम यांची सांगड घातली. ‘विठूमाऊली’ व ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ या त्यांच्या अन्य मालिका होत. ‘डॅम इट आणि बरंच काही’ हे त्यांचे आत्मचरित्र २०२३ साली प्रकाशित झाले.

मूल्यमापन

इतर भाषांतील कथानकांचा आधार आणि ठरावीक साच्यातील मांडणी हे आक्षेप त्यांच्या चित्रपटांवर घेता येतात. तथापि तमाशापट व कौटुंबिक चित्रपट यांच्याबरोबरच लहान मुलांना आवडेल असा साहस व अद्भुताचा चित्रपट मराठीत लोकप्रिय करण्यात त्यांचा वाटा महत्त्वाचा आहे.