गटमन, हर्बर्ट जॉर्ज

(१८ मार्च १९२८–२१ जुलै १९८५). अमेरिकन कामगार-इतिहासकार आणि गुलामांच्या कुटुंबजीवनाचे अभ्यासक. अमेरिकेतील गुलामगिरीने कृष्णवर्णीयांची कुटुंबसंस्था मोडून टाकली, हे विसाव्या शतकातील बहुतेक विद्वानांनी गृहीत धरले होते. गटमन यांनी मळेमालकांच्याच दप्तरांतून त्याला हादरा दिला. ‘द ब्लॅक फॅमिली इन स्लेव्हरी अँड फ्रीडम, १७५०–१९२५’ (१९७६) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ.

त्यांचा जन्म न्यूयॉर्क शहरात, पोलंडहून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबात झाला. घरचे वातावरण डाव्या विचारांचे होते. क्वीन्स कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात रिचर्ड हॉफ्स्टॅटर यांच्या मार्गदर्शनाखाली एम. ए. केले. १८७३ च्या आर्थिक अरिष्टाच्या काळातील कामगारांवर प्रबंध लिहून १९५९ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. फेअरली डिकिन्सन, बफलो व रॉचेस्टर येथे अध्यापन करून १९७२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात आले. अखेरची वर्षे त्यांनी सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या ग्रॅज्युएट सेंटरमध्ये शिकवले.

कामगार-इतिहास त्या काळी मुख्यतः संघटना, पुढारी आणि करार यांचा इतिहास असे. गटमन यांनी पॅटर्सनसारखी गिरणगावे आणि खाणींच्या वस्त्या निवडल्या. शेतावरून किंवा परदेशातून कारखान्यात आलेला माणूस आपल्या सवयी, सणवार, नातीगोती आणि न्याय-अन्यायाच्या कल्पना यांची शिदोरी बरोबर आणतो व तिच्या बळावर नव्या शिस्तीशी झगडतो, हे त्यांचे प्रतिपादन. इंग्लंडचे इतिहासकार ई. पी. टॉम्पसन यांच्याशी त्यांचे नाव जोडले जाते ते यामुळेच. खाणकामगार संघटनेतील कृष्णवर्णीय कार्यकर्ता रिचर्ड डेव्हिस याच्या पत्रांवर आधारलेला त्यांचा दीर्घ निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. गुलामांच्या अभ्यासाकडे वळताना गटमन यांनी विषय बदलला, प्रश्न मात्र बदलला नाही. मालकाने गुलामाचे काय केले, यावर पुष्कळ लिहिले गेले होते. त्या परिस्थितीत गुलामांनी स्वतः काय उभे केले, हे त्यांना पाहायचे होते.

निमित्त राजकीय होते. १९६५ मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्यातील अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांचा कृष्णवर्णीय कुटुंबावरील अहवाल गाजला. शहरांतील कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याचे एक मोठे कारण म्हणून त्यात विस्कळित, स्त्रीप्रधान कुटुंबाकडे बोट दाखवले होते आणि त्याचे मूळ गुलामगिरीत शोधले होते. आधार होता ई. फ्रँक्लिन फ्रेझर यांच्या १९३९ च्या ग्रंथाचा आणि गुलामगिरीची तुलना नाझी छळछावण्यांशी करणाऱ्या स्टॅन्ली एल्किन्स यांच्या १९५९ च्या पुस्तकाचा. फ्रेझर स्वतः कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ होते. या समाजाच्या अडचणी वंशातून आलेल्या नसून इतिहासातून आल्या आहेत, असे त्यांना दाखवायचे होते. तीच मांडणी पुढे समाजाच्या दोषदर्शनासाठी वापरली गेली, हा त्यांच्यावर अन्यायच म्हटला पाहिजे.

गटमन यांनी लॉरेन्स ग्लॅस्को यांच्यासह प्रथम बफलो शहरातील १८५५ ते १९२५ या काळातील शिरगणतीची पत्रके तपासली. बहुसंख्य कृष्णवर्णीय घरांत आई आणि बाप दोघेही नांदत होते. मग दक्षिणेतील शहरे व खेडी पाहिली, तेथेही तेच चित्र. गुलामगिरीने कुटुंब पार मोडले असेल, तर मुक्तीनंतर अवघ्या दहा-पंधरा वर्षांत ही घरे कोठून आली? या प्रश्नाने त्यांना मागे, मळ्यांच्या दप्तरांकडे नेले.

गुलामांच्या विवाहाला कायद्यात स्थान नव्हते. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरवला आणि हाच नियम पुढे सर्वत्र रूढ झाला. बाप कोण हे मालकी ठरवायला लागतच नसे. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी आल्यावर मळ्यात जन्मणारे प्रत्येक मूल ही मालकाच्या भांडवलात पडलेली भर ठरली आणि जन्मांच्या याद्या अधिक महत्त्वाच्या झाल्या. त्यांपैकी काहींत आईबरोबर बापाचेही नाव होते. साउथ कॅरोलायनातील गुड होप मळा, नॉर्थ कॅरोलायनातील बेनेहान-कॅमेरॉन घराण्याच्या जमिनी, लुइझियानातील स्टर्लिंग मळा अशा ठिकाणच्या नोंदवह्या घेऊन गटमन यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी जुळवल्या. मालमत्तेचा हिशोब म्हणून लिहिलेली वही त्यांच्या हातात नात्यांचा दस्तऐवज बनली. त्यांच्या साऱ्या लेखनातील सर्वांत कसदार भाग हाच.

वंशावळी जुळल्यावर अनेक रूढी दिसू लागल्या. गुलाम जोडपी, मालकाने ताटातूट केली नाही तर, वीस-वीस, तीस-तीस वर्षे एकत्र राहत. लग्नापूर्वी मूल होणे फारसे लाजिरवाणे मानले जात नसे, पण त्यानंतर बहुतेक स्त्रिया एका पुरुषाबरोबर संसार थाटत. पुष्कळदा नवरा दुसऱ्या मळ्यावर असे आणि परवाना घेऊन आठवड्याअखेर येई. मुलांना वडिलांचे, आजोबांचे, आत्या-काकांचे, कधी मेलेल्या भावंडाचे नाव दिले जाई. मुलाला बापाचे नाव वारंवार मिळे, मुलीला आईचे जवळजवळ कधीच नाही. गटमन यांचा अर्थ असा, की विकला जाण्याची वा दूर पाठवला जाण्याची भीती बापाला अधिक असल्याने त्याचे नाते नावातून पक्के केले जाई. याहून बोलका पुरावा लग्नसंबंधांचा आहे. मळेमालकांच्या घराण्यांत चुलत-मावस भावंडांची लग्ने सर्रास होत, तर त्यांच्याच गुलामांमध्ये ती कटाक्षाने टाळली जात. गुलाम मालकांचे अनुकरण करत होते, हे मत एवढ्या एका गोष्टीने लंगडे पडते. अनेकांची स्वतःची आडनावेही होती आणि ती सध्याच्या मालकाची नसून बरेचदा जुन्या, पहिल्या मालकाची असत. मालक बदलला तरी भावंडांना जोडणारा धागा त्यामुळे टिके. रक्ताचे नाते नसलेल्या वडीलधाऱ्यांनाही मुले काका, मावशी म्हणत. विक्रीने आईबापांवेगळी झालेली पोरे अशा मानलेल्या नात्यांच्या आधाराने वाढत.

ताटातुटीचा पुरावाही याच ग्रंथात आहे. यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६४–६५ मध्ये, मिसिसिपीत संघराज्याच्या सैन्याबरोबरच्या धर्मोपदेशकांनी मुक्त गुलामांची लग्ने नोंदवली. पूर्वीचा जोडीदार होता का आणि तो का दुरावला, हेही विचारले. साधारण सहातल्या एकाचे आधीचे लग्न बळजबरीने तुटलेले होते. वयस्कांत हे प्रमाण आणखी मोठे होते. दुसऱ्या बाजूला, नॉर्थ कॅरोलायनाने १८६६ मध्ये जुन्या संबंधांची नोंद करण्याची सोय केली, तेव्हा हजारो जोडपी कचेरीत जाऊन आपण किती वर्षे एकत्र आहोत हे लिहवून आली. विकली गेल्यामुळे दुरावलेल्या पहिल्या बायकोला, दुसरा संसार मांडून बसलेल्या एका मुक्त गुलामाने लिहवलेली पत्रेही गटमन यांनी वापरली आहेत. आपल्या मुलांचे थोडे केस कागदात गुंडाळून पाठव, प्रत्येकाचे नाव त्यावर लिही, असे तो त्यांत विनवतो.

या ग्रंथाआधीच गटमन एका मोठ्या वादात उतरले होते. रॉबर्ट फोगेल व स्टॅन्ली एंगरमन या अर्थशास्त्रीय इतिहासकारांनी ‘टाइम ऑन द क्रॉस’ (१९७४) या ग्रंथात संगणकीय गणिताच्या आधारे गुलामगिरी कार्यक्षम होती, शिक्षा कमी होत्या आणि विक्रीने कुटुंबे क्वचितच मोडत, असे मांडले. उत्तरादाखल गटमन यांनी ‘स्लेव्हरी अँड द नंबर्स गेम’ (१९७५) लिहिले. त्यातील एक उदाहरण पुढे सतत सांगितले गेले. लुइझियानातील बेनेट बॅरो या मळेमालकाच्या रोजनिशीवरून फोगेल-एंगरमन यांनी दर कामकरी गुलामामागे वर्षाला सरासरी ०.७ वेळा फटके, असा आकडा काढला होता. त्याच रोजनिशीतील दोन वर्षांच्या १६० शिक्षांचा हिशोब गटमन यांनी दुसऱ्या बाजूने केला : दर ४.५६ दिवसांनी कोणाला तरी चाबूक बसत होता आणि बाकीचे ते पाहत होते. प्रश्न कोणाच्या नजरेने मोजायचे हा होता. फोगेल यांना १९९३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तरी त्यांच्या ग्रंथातील या भागावरील आक्षेप अभ्यासकांनी विसरलेले नाहीत.

गटमन यांच्या मांडणीवरचे आक्षेपही गंभीर आहेत. त्यांची चांगली साधने मोठ्या, दीर्घकाळ एका घराण्याकडे राहिलेल्या मळ्यांची होती. लहान मालकांकडे दोन-चार गुलाम असत व तेथे कुटुंब एका छपराखाली असणे अवघड होते. देशांतर्गत गुलाम-व्यापाराने सुमारे दहा लाख माणसे जुन्या राज्यांतून नैर्ऋत्येकडील कापसाच्या मुलखात लोटली, त्याचे वजन या ग्रंथात कमी पडते. मायकेल टॅडमन यांनी १९८९ मध्ये या व्यापाराचे मोठे आकडे मांडले. डेबोरा ग्रे व्हाइट यांनी १९८५ मध्ये गुलाम स्त्रियांचे परस्परांतील जाळे पुढे आणले. ब्रेंडा स्टीव्हन्सन यांनी १९९६ मध्ये व्हर्जिनियातील लाउडन परगण्याच्या अभ्यासातून तेथील गुलाम कुटुंबे प्रामुख्याने आईभोवती व विस्तृत नात्यांभोवती बांधलेली होती, असे दाखवले. मॉयनिहन यांना उत्तर देण्याच्या भरात गटमन यांनी त्यांचेच माप स्वीकारले. आईबाप असलेले घर म्हणजे धडधाकट घर, हे त्यांनी कोठे तपासले नाही. फक्त तशी घरे भरपूर होती, एवढे सिद्ध केले. बाप नसलेले, आजी-मावशांनी चालवलेले घर त्यामुळे त्यांच्या पानांत काहीसे कडेला राहते.

१९७७ ते १९८० या काळात त्यांनी कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी इतिहासाची उन्हाळी शिबिरे घेतली. त्यातूनच १९८१ मध्ये स्टीफन ब्रायर यांच्यासह त्यांनी अमेरिकन सोशल हिस्ट्री प्रोजेक्ट सुरू केला. त्याचा ‘हू बिल्ट अमेरिका?’ हा सामान्य वाचकांसाठीचा इतिहास गटमन यांच्या मृत्यूनंतर, १९८९ पासून, प्रसिद्ध झाला. त्यांचे विखुरलेले निबंध आयरा बर्लिन यांनी ‘पॉवर अँड कल्चर’ (१९८७) या नावाने संपादित केले.