खडी

फुलंब्रीत रेल्वे नाही. तरी आमच्या परसात लिंबाच्या झाडाभोवती सध्या 45 मिलिमीटर रुंदीचा रूळ टाकणं चालू आहे. घरचे हसून मोकळे झालेत, तुम्हीही हसून घ्या!

ही रुंदी उगाच निवडलेली नाही. जर्मनीतल्या लेहमान कंपनीने 1968 साली बागेत धावणाऱ्या गाड्या आणल्या, त्या याच रुळावरच्या. त्यांचं माप 1:22.5. म्हणजे 45 मिलिमीटरचा खरा रूळ साधारण एक मीटरचा होतो. आणि 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीवरून हैदराबादकडे गेलेली गोदावरी व्हॅली रेल्वे मीटरगेजच होती. ती पुढे ब्रॉडगेज झाली. परसातली मात्र मीटरगेजच राहणार.

रूळ जोडणं सोपं, खरं काम खडीचं. खडी स्लीपरना जागेवर धरते, गाडीचा भार जमिनीवर पसरवते आणि पावसाचं पाणी खाली जाऊ देते. त्यासाठी दगड कोनेदार हवा, म्हणजे एकात एक अडकून बसतो. नदीतला गोटा गुळगुळीत, तो घरंगळतो. आपल्या रेल्वेची खडी साधारण 20 ते 65 मिलिमीटरची असते. 22.5 ने भागलं की एक ते तीन मिलिमीटर, म्हणजे क्रशरवरची कच. ती दोन चाळण्यांतून काढायची, धुऊन भुकटी घालवायची, मग रुळात भरून ब्रशने बसवायची.

एक गोष्ट मात्र मापात बसत नाही. लांबी 22.5 पट कमी झाली की वजन अकरा हजार पटींहून जास्त कमी होतं. खरी खडी स्वतःच्या वजनाने टिकते, ही पहिल्या वळवाबरोबर वाहते. म्हणून कडेला विटा लावल्यात.

चाळत बसलो की एक प्रश्न येतो. क्रशर नव्हते तेव्हा एवढी खडी फोडली कोणी? उत्तर सोपं आहे, माणसांनी. 1899-1900 च्या दुष्काळात इंग्रजी मुलखातल्या दुष्काळी कामांवर खडी फोडणं हे नेहमीचं काम होतं. आणि फार मागे जायलाच नको. 1972 च्या दुष्काळात आपल्याकडेही तेच झालं. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. बंधारे, पाझर तलाव, रस्ते, आणि रस्त्यासाठी खडी. त्यातूनच रोजगार हमीचा 1977 चा कायदा आला.

आमच्या मोठ्या काकू त्या कामावर होत्या. माझी कच बघून म्हणाल्या, "एवढी बारीक कशाला फोडली रे? मुकादम घेणार नाही." मग चिंधी गुंडाळलेली बोटं, डोळ्यात उडणारी कपची, खडीचं माप आणि पोरांना मिळणारी सुकडी, सगळं सांगत बसल्या. त्याआधी हे त्यांनी कधी काढलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

रेल्वेच्या इतिहासात इंजिनांचे नंबर असतात, इंजिनियरांची नावं असतात. खडी फोडणाऱ्यांचं एकही नाव मला अजून कुठे दिसलेलं नाही.

तर मंडळी, तुमच्या घरात बहात्तरच्या कामावर गेलेलं कोणी असेल तर या दिवाळीत जवळ बसून विचारा. कोणत्या कामावर होते, मजुरी काय मिळायची, ती खडी कोणत्या रस्त्याला गेली. आणि लिहून ठेवा, नावासकट.